शेजारच्या मशीनवरच्या मावशी

मावशींनी एक वाक्य एका दमात पूर्ण केलंय असं कधी झालं नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात प्लास्टिकचे डबे काढणारी आमची मशिनं शेजारीशेजारी होती. साचा बंद असेपर्यंत बोलायचं. तो उघडला की गप्प होऊन डबा काढायचा, दार लावायचं आणि मग पुढचं बोलायचं. “माझ्या सासूनं एकदा काय केलं…” एवढं म्हणून त्या थांबत. सासूनं काय केलं ते कळायला चार डबे निघावे लागत. नवे लोक वैतागत. मला मात्र सवय झाली आणि पुढे पुढे त्या बोलण्याची ओढच लागली.

पहिल्याच आठवड्यात गरम डब्याने माझी बोटं भाजली. मावशी आपलं मशीन थांबवून धावल्या, माझा हात नळाखाली धरला आणि वर मलाच झापलं. “लई घाई हाय तुझ्या हाताला. आधी डोळ्याला आत जाऊ दे, मग हात घाल!” मशीन थांबवलं म्हणून सुपरवायझरची बोलणी त्यांनी निमूट खाल्ली.

त्यांच्या खोलीवर मी एकदाच गेले. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. चहा ओतताना त्या बोलता बोलता, साचा उघडल्यासारख्या, मध्येच थांबल्या. मी हसले, तशा त्याही हसल्या. मग म्हणाल्या, “सुट्टीचा दिवस सरता सरत नाय गं. तोंड उघडायचं तर कुणापुढं?” मी चहा पीत राहिले.

पुढे मला शेंद्र्याच्या एका कारखान्यात कायमची नोकरी मिळाली. मावशींना सांगायचा धीर होईना. उद्या सांगू, उद्या सांगू करत आठ दिवस काढले. भाज्यांचे भाव, वहिनीचे नखरे, वाट्टेल ते बोलत राहिले. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कसंबसं सांगितलं.

“ठाऊक हाय मला,” त्या म्हणाल्या. “तुझ्या जागी येणारीला शिकवा म्हणून साहेबांनी आठ दिवसांमागंच सांगितलं. म्हटलं, तू सांगशील. रोज वाट बघत व्हते.”

शेंद्र्यात डबे यांत्रिक हात काढतो. मी नुसती बघत उभी असते, शेजारी बोलायला कुणी नाही. ते मी सोसते. पण आज तरी ही सांगेल म्हणून मावशी आठ दिवस माझे भाज्यांचे भाव ऐकत राहिल्या, हे आठवतं आणि त्यांना फोन लावायला हात उचलत नाही.