उभी राहायला शिकवलेली घोडी

माझं माहेर मोशीचं. तिथं खोंड कामाला लावायचा म्हणजे जुन्या बैलाच्या जोडीला जुंपायचा, शेताला चार चकरा मारायच्या, की झालं त्याचं शिक्षण. म्हणून लग्न होऊन पिंपरीच्या माळावर आले आणि घोड्यांची शाळा बघितली, तेव्हा मला हसूच आवरेना. लाकडी कठड्यानं बंद केलेलं लांबोळकं मैदान, त्यात भाताचं तूस अंथरलेलं, आणि मधोमध आमचे हे लांब दोर धरून उभे. घोडं आपलं गोल गोल फिरतंय. त्या मैदानाला मानेज म्हणायचे. फ्रान्स मुलुखातला शब्द आहे, असं साहेब सांगत. घोडे शिकवायची जागा आणि बसायला शिकायची शाळा, दोन्हीला तोच शब्द. मी मोशीला जाऊन सांगितलं, तर माझ्या भावानं मला वेड्यात काढलं.

साहेब म्हणजे फौजेतून पेन्शनीत आलेले गृहस्थ. पुण्यातल्या बड्या घरची मुलं-मुली त्यांच्याकडे घोड्यावर बसायला शिकायला यायची. आमचे हे त्यांचे चाबूकस्वार. म्हणजे कोरं घोडं आधी ह्यांनी शिकवायचं, मग त्यावर त्या मुलांनी बसायचं. नाव चाबूकस्वार, पण ह्यांचा चाबूक मी घोड्याच्या अंगाला लागलेला कधी बघितला नाही. हवेतच काय तो वाजायचा.

त्या सगळ्या घोड्यांत एक कुमैत घोडी ह्यांच्या विशेष जीवाची. तांबूस-काळी, कपाळावर पांढरा ठिपका. तिला हे ‘बाई’ म्हणायचे आणि मला नुसतं ‘अगं’. शेजारच्या बायका मला चिडवायच्या, तुझी सवत तबेल्यात बांधलीय म्हणून. मीही काही कमी नव्हते. एकदा भाकरी थापताना मी म्हणाले, आज तिच्याकडेच जेवा. तर हा माणूस खरंच भाकरी घेऊन तबेल्यात गेला, अर्धी तिला घातली आणि अर्धी स्वतः खाल्ली.

ह्या घोडीला ह्यांनी एक गोष्ट जीव ओतून शिकवली. पाठीवरचा माणूस पडला की जागीच उभं राहायचं. पळायचं नाही, पाय उचलायचा नाही. एका पोराचा पाय रिकिबीत अडकून घोड्यानं त्याला फरफटत नेलेलं ह्यांनी पूर्वी कुठंतरी बघितलं होतं, ते मनातून जात नव्हतं. म्हणून हे मुद्दाम तिच्यावरून धप्पकन तुसात पडायचे आणि तिच्या पुढच्या पायांशी मेल्यासारखे पडून राहायचे. मग कुणी पत्र्याचा डबा बडवायचं, साहेबांचा ड्रायव्हर जीप अगदी अंगावर आणून भोंगा वाजवायचा. सुरुवातीला घोडी थरथरायची. पुढं पुढं कान हलवेना. ह्यांच्या अंगावर मान खाली घालून उभी, जणू राखणीला. मी कठड्यापाशी उभी राहून बघायची, तर ह्यांचं तोंड तुसानं माखलेलं आणि हसरं असायचं.

मग माळावर कारखाने यायला लागले. आमच्या मैदानाचीही जमीन गेली. साहेबांनी शाळा बंद करायचं ठरवलं. धडधाकट घोडे मुंबईकडे गेले. कुमैत घोडी वय झालेली, मागच्या पायानं थोडी अधू, तिला कुणी घेईना. साहेब म्हणाले, गोळी घालून मोकळी करू. फौजेत तशीच रीत असते म्हणे, म्हाताऱ्या घोड्याचे हाल होऊ द्यायचे नाहीत.

साहेबांपुढे आमच्या ह्यांच्या तोंडून आजवर ‘जी’ सोडून शब्द निघाला नव्हता. त्या दिवशी निघाला. “तिला मारू नगा साहेब. तांगा वढंल, काय बी करंल, पर जगू द्या.”

तांगा तिला सावकाश मारेल, माझी गोळी एका क्षणाचं काम आहे, असं साहेबांनी समजावलं. पण हे हटेनात. शेवटी साहेब म्हणाले, “ने. पण हे तू तिच्यासाठी करतोस की तुझ्यासाठी, ते बघ.” मला साहेबांचा असा राग आला म्हणून सांगू! आज येत नाही.

चाकणच्या एका तांगेवाल्यानं घोडी नेली. माणूस सज्जन होता, हलक्या हाताचा. चाकण ते खेड उतारू न्यायचा. ह्यांना कारखान्याच्या फाटकावर राखणदाराची नोकरी लागली होती. सुट्टी मिळाली की हे चाकण गाठायचे आणि घोडीला तांग्याची सवय करून द्यायचे. वर्षभर सगळं नीट चाललं. घोडी अंगानं भरली, असं हे कौतुकानं सांगायचे. साहेबांना दाखवायला पाहिजे, असंही म्हणायचे.

एक दिवस सकाळी चाकणहून सायकलवरून माणूस आला. त्यानं निरोप सांगितला आणि ह्यांचा चेहरा बघून मीही डोक्यावर पदर घेऊन एसटीत चढले.

झालं होतं असं, की खेडकडून रिकामा तांगा येत होता. चाकाची खीळ निसटली, तांगा कलंडला आणि तांगेवाला उडून घोडीच्या पायांशी रस्त्यावर पडला. मांडी मोडली, उठता येईना. समोरून उतारावरनं यंत्रांचा मोठा ट्रक आला. त्यानं भोंगा वाजवला, वाजवतच राहिला. दुसरं कुठलंही जनावर तांगा मोडून उधळलं असतं. ही ट्रकच्या आणि त्याच्या मधे तशीच उभी राहिली. ट्रक तिच्यावर आदळून थांबला. ती पळाली असती तर त्या माणसाच्या अंगावरून गेला असता.

आम्ही पोचलो तेव्हा घोडी चिंचेखाली आडवी होती. पुढचे दोन्ही पाय मोडलेले. गुरांचे डॉक्टर लांबच्या गावाला गेलेले. बंदूक गावात एकाच बागायतदाराकडे, तो लग्नाला गेलेला, दिवस मावळेपर्यंत यायचा होता. साहेबांची एका क्षणाची गोळी माझ्या मनात आली. ह्यांच्याही आली असणार.

हे “बाई” म्हणत तिच्या डोक्याशी मातीत बसले. आणि घोडी धडपडून उठायला लागली. मोडक्या पायांवर! लोक मागं सरले. हे पटकन उभे राहिले, तर ती शांत झाली. थोड्या वेळानं पुन्हा बसले, पुन्हा ती उठायला लागली. तेव्हा ह्यांना कळलं, आणि मलाही: माणूस खाली गेला की आपण उभं राहायचं, एवढंच तिला ठाऊक. मग हे तिच्यापाशी ताठ उभे राहिले. ऊन टळटळीत. मी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हटलं, बसा की हो जरा.

“मी बसलो की ती उठती,” एवढंच म्हणाले.

तेवढ्यात तांगेवाल्याची बायको आली. तिनं भर रस्त्यात ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. तुमच्या शिकवणीनं माझं कुंकू राहिलं, म्हणाली. तिचं खरंच होतं, तिच्या कपाळाकडे बघून मला बरंही वाटलं. पण त्याच क्षणी त्या घोडीकडे बघवेना. ह्यांनी पाय मागं घेतले. “मी तिला नुसतं उभं ऱ्हायला शिकवलं वैनी,” ते म्हणाले, “पळ म्हणून कवा शिकवलंच न्हाई.”

दिवस कलल्यावर बागायतदार लग्नातल्या फेट्यासकट बंदूक घेऊन आला. हे तिच्या मानेवर हात ठेवून वाकून उभे राहिले, बार होईपर्यंत आणि झाल्यावरही. मग हे खाली मातीत बसले. घोडी उठली नाही.