कमरेवर हात असलेल्या देवाचा स्वेटर

मुकुटासह डोके गळ्यातून सुखरूप बाहेर आले आणि हात अडले. पुजारी भीमाकाकांनी डावी बाही एकदा खालून, एकदा बाजूने चढवून पाहिली. विठ्ठलाचे दोन्ही हात कमरेवर. हात आणि कंबर एकाच पाषाणातले, मध्ये बोट जाईल एवढीच फट. बाहीत हात घालायचा तर पंजा मोकळा हवा, आणि तो पंजा कमरेपासून सुटणारा नव्हता.

काका गाभाऱ्यातून म्हणाले, “बाई, देव हात वर करत न्हाई.”

उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी असलेली महानंदा माझ्याकडे पाहू लागली. स्वेटर तिने विणला होता. शिकवला मी होता.

मी मुलींच्या शाळेत शिवण-विणकामाची शिक्षिका होते. निवृत्तीनंतर बीदरला, मैलूरमधल्या घराच्या पुढच्या खोलीत दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत क्लास घेते. आमच्याकडे लोकरीचा सिझन तेवढाच. माझे वडील संस्कृत पाठशाळेत शिकवीत. सकाळी त्यांच्यासमोर शब्दरूपे आणि दुपारी आईजवळ सुया, असे माझे बालपण गेले. दोन्हीकडे शिस्त एकच होती. चुकले की चुकल्या जागेपर्यंत मागे जायचे आणि तेथून पुन्हा म्हणायचे किंवा विणायचे.

नव्या मुलींना मी प्रथम मफलर देते. सरळ पट्टी असते, टाके वाढवायचे नाहीत की घटवायचे नाहीत, हात बसतो. महानंदा पहिल्याच दिवशी म्हणाली, “बाई, मला मफलर नगं. सोयटर शिकवा.”

“कुणासाठी?”

“देवासाठी.”

ती निर्णा गावची लेक, आमच्या गल्लीत दिलेली. आदल्या थंडीत तिच्या मुलीला, चार वर्षांच्या भाग्याला न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात बाकावर बसून हिने नवस बोलला. पोर घरी येऊ दे, पुढल्या धुंधुरमासाच्या पहिल्या पहाटे गल्लीतल्या विठ्ठलाच्या अंगात माझ्या हाताने विणलेला स्वेटर घालीन. धुंधुरमास म्हणजे ऐन थंडीतला तो महिना, ज्यात सूर्य उगवण्यापूर्वी पूजा होऊन देवाला गरम खिचडीचा नैवेद्य दाखवतात. पोर घरी आली. त्यानंतर हिला आठवले की आपल्याला सुईवर टाका घालता येत नाही.

पण शिकली. तिच्या हाताची ओढ प्रथम फार घट्ट होती, सुई टाक्यातून निघेना. पहिली बॉर्डर तिने कितीदा उसवली ते विठ्ठलालाच ठाऊक. उसवणे म्हणजे विणलेले ओढून पुन्हा सुट्टा धागा करणे. बाकीच्या बायका तिला हसत. सगळ्यांत पुढे शरणम्मा. ती साडीच्या दुकानाची मालकीण, घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि थट्टा दोन्हीत.

“अगं अक्का, आमचं बघ,” शरणम्मा गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवून म्हणे. “आमचा देव छातीपाशी. आपसूक ऊब. त्येला सोयटर लागत न्हाई.”

“मग तू कामून इणायलीस?”

“नवऱ्यासाठी. त्यो काय छातीपाशी येत न्हाई.”

स्वेटर चार भागांत विणतात. पाठ, पुढा आणि दोन बाह्या. मग ते भाग त्याच लोकरीने एकमेकांना शिवतात. महानंदाने चारही भाग निर्दोष विणले, हळदी रंगाचे, बॉर्डरला तांबडी रेघ. पण माप कुणाचे घेतले? देवाला दोरी कशी लावायची, या संकोचाने तिने माप घेतले भाग्याचे. तिच्या मते देव भाग्याएवढाच होता आणि उंचीला तो खरोखर तेवढाच होता. ट्रायलही भाग्यावरच झाली. भाग्याने दोन्ही हात वर केले, स्वेटर चढला, आणि ती खोलीभर नाचून आली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विठ्ठलाला प्रत्येकीने जन्मभर हात जोडले होते. त्याचे हात कमरेवर असतात, हे त्या क्षणी एकीलाही सुचले नाही. मलाही नाही.

त्यामुळे पहिल्या पहाटेच्या आदल्या दुपारी, नैवेद्यानंतर, आम्ही तिघी देवळात उभ्या होतो. मी, महानंदा आणि भाग्याला कडेवर घेतलेली शरणम्मा.

“बाई, देवानं घेतलं न्हाई,” महानंदा हळूच म्हणाली. “माझी पोरगी दिली अन् माझं सोयटर घेतलं न्हाई. आता काय करायचं?”

“काका, पुढून कापा की,” शरणम्मा म्हणाली. “बटणं लावू. माझ्या दुकानात हायत.”

हे करू नये, हे मला सांगावे लागले. विणलेल्या भागाला मधोमध कात्री लावली की प्रत्येक ओळीचा धागा तुटतो आणि टाके एकामागून एक सुटत जातात. कापडासारखी ती कड दुमडून थांबत नाही.

भीमाकाका बाहेर आले. “अन् अजून एक. हे लेकराच्या अंगात घातलं होतं म्हणं?”

हे त्यांना कुणी सांगितले ते उघड होते. शरणम्मा छताकडे पाहू लागली.

मी म्हणाले, “काका, अर्पण केल्यावर ते देवाचे वस्त्र. तोवर ते विणकाम आहे. विणकामाची ट्रायल घ्यावीच लागते.”

काकांनी स्वेटर महानंदाच्या हातात दिला. “तसं असंल तर असू द्या. पण उद्या पहाटं अंगात बसलं पायजे. न्हाई बसलं तर पायापाशी ठिवतो.”

“पायापाशी न्हाई,” महानंदा म्हणाली. “अंगात घालीन असं बोललेय मी.”

घरी येऊन मी स्वेटर उलटा करून मांडीवर घेतला. अडचण बाहीच्या तोंडाशी होती. मनगटापासून काखेपर्यंत आणि काखेपासून खाली घेरापर्यंत एकच सलग शिवण जाते. तेवढी शिवण दोन्ही बाजूंनी उसवली, तर स्वेटर गळ्यातून घालून अंगावर पसरता येईल, बाही हातावर वरून पांघरता येईल आणि खालून बंदांनी बांधता येईल. आपल्याकडे तान्ह्याचे झबले असेच बंदांचे असते. विणलेल्या एकाही टाक्याला धक्का लागणार नाही.

मात्र शिवणीची लोकर आणि विणीची लोकर एकच होती. शिवणीचे टोक सापडल्याशिवाय ती निघणार नाही आणि चुकून विणीचा धागा ओढला तर बाहीच उसवेल. धाग्याची टोके आत दडवावीत, दिसता कामा नयेत, असे मी क्लासमध्ये बजावून सांगते. महानंदाने ती अशी दडवली होती की मलाही सापडेनात.

“बाई, तुम्हीच काढा,” ती म्हणाली. “माझ्याकडून इणीचाच धागा वढला जाईल.”

मला ते सहज करता आले असते, आणि हात शिवशिवतही होते. पण शिकणाऱ्याच्या हातातून मी सुई काढून घेत नाही. शिवाय इथे नवसात तिने स्वतःचा हात बोलला होता, माझा नव्हे. मी माझ्या पेटीतला जुना बाळस्वेटर काढला आणि तिच्या शेजारी बसले.

“मी याची शिवण काढते. बघ आणि तसेच कर. दोन्ही भाग आडवे ताण. शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात?”

“व्हय.”

“ते शिवणीचे. विणीचा टाका पायरीसारखा दिसत नाही, तो वळलेला असतो. आता पायऱ्यांवरून खाली जा. जिथे पायरी जाड दिसेल, तिथे धागा दुहेरी आहे. तिथेच टोक दडवले आहेस.”

तिने कड उजेडाकडे धरली आणि एकेक पायरी बोटाने चाचपू लागली. बाहेर शरणम्मा भाग्याला कन्नडमध्ये कसलीशी गोष्ट सांगत होती आणि भाग्या मराठीत प्रश्न विचारत होती.

“घावलं,” महानंदा म्हणाली.

तिने सुईच्या टोकाने तो जाड धागा उचलला आणि पायरीपायरीने मागे ओढत नेला. मनगट मोकळे झाले, मग काख, मग कूस. दोन्ही कडा साबूत. मग ती दुसऱ्या बाजूला लागली.

मग क्रोशा. क्रोशा ही टोकाला आकडा असलेली एकच सुई. त्या सुईने एका फासातून दुसरा फास ओढत गेले की साखळी होते आणि साखळी म्हणजेच बंद. शरणम्मा आत येऊन म्हणाली, “दोन बंद मी करू का? मला येतंय की.”

“नगं अक्का. माझ्याच हातचं बोललेय.”

“बरं बाई. मग मी तुझ्या घरी भाकऱ्या टाकते. त्याच्यावर काय नवस न्हाई न्हवं?”

दिवेलागणीपर्यंत कडेला बंद लागले.

पहाटे थंडी मी म्हणत होती. काकड आरतीनंतर भीमाकाकांनी स्वेटर गळ्यातून घातला, पाठ-पुढा सारखे केले, बाह्या हातांवर पांघरल्या. कुशीचे आणि मनगटाकडचे बंद बांधले गेले. काखेकडचे बंद मात्र हात आणि कमरेच्या मधल्या फटीतून काढायचे होते आणि काकांचे बोट जेमतेम जाई, बंद येत नसे.

महानंदाने आपली क्रोशाची सुई कळशीतल्या पाण्याने धुतली, पदराने पुसली आणि उंबऱ्यावरून पुढे केली. “काका, आकडा आत घाला, बंद अडकवा अन् वढा.”

काकांनी सुई उलटसुलट पाहिली, फटीत घातली आणि ओढली. बंद आला. दुसऱ्या बाजूचाही आला. त्यांनी त्याही गाठी मारल्या आणि ते बाजूला झाले. हळदी स्वेटरातला विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा होता, जणू थंडीला विचारत होता, आता काय करशील?

भाग्या ओरडली, “आई, माझं सोयटर देवानं घातलं!”

महानंदा रडत होती, म्हणून तिला उत्तर मी दिले. “होय. तुला आई दुसरा करील.”

तो तिने केला. पण त्याआधी तिने आणखी एक केला, न सांगता. सिझन संपता संपता तिने मला तो दाखवायला आणला. मोठ्या मापाचा, करडा, दोन्ही कुशींना बंद. तिच्या माहेरी वडिलांचा उजवा हात लकव्याने छातीशी आखडलेला आहे. कित्येक थंड्या त्यांनी नुसत्या शालीवर काढल्या होत्या, कारण बाहीत हात घालताना ते कळवळत. आता सकाळी बंद सोडून बाही वरून पांघरतात, बांधतात, आणि ते पारावर जाऊन बसतात.

मी तिला एवढेच विचारले, “माप कसे घेतलेस?”

“आधी त्यांचा हात कुठवर येतोय ते बघितलं,” ती म्हणाली. “छाती नंतर मोजली.”

आमच्या क्लासमध्ये आता माप याच क्रमाने घेतात.