दोन माणसं, एक कोयता

बाळांनो, तुमच्या तिकडे परदेशातल्या चर्चमध्ये उपासनेनंतर कॉफी मिळते म्हणे. आमच्या धारूरच्या चर्चच्या मंडळीत परीक्षा मिळते. तिला दृढीकरण म्हणतात. ती दिल्याशिवाय उपासनेत वाटली जाणारी प्रभुभोजनाची भाकर हातावर पडत नाही.

या परीक्षेचे वर्ग दिवाळीनंतर सुरू होतात आणि ईस्टरच्या आधी संपतात. नेमके याच महिन्यांत आमची निम्मी मंडळी ऊस तोडायला कारखान्यांकडे गेलेली असते. मग चर्चचे पंच मान हलवून म्हणतात, "या लोकांना विश्वासाची ओढच नाही." मी पंचांची चिटणीस आहे, त्यामुळे हे शहाणपण स्वच्छ अक्षरात लिहून ठेवणं माझं काम.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर एक ऊसतोड बाई माझ्या दारात आली. "बाई, लगीन होऊन दहा वरसं झाली. मालक लहानपणीच पास झालेला, त्यो पुढं जाऊन भाकर घेतो, मी मागं बसून चपला राखते. सोमवारी टोळीचा ट्रक निघतोय. त्याच्या आधी मला परीक्षेला बसवा एकदाची."

मी नियमांची वही काढली. चिटणीस मागेल तेव्हा परीक्षा घेता येते, असं एक कलम होतं. ते कुणी वाचलंच नव्हतं. शनिवारी दुपारी बैठक ठरली.

आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नुकतेच धर्मशिक्षण संपवून सेमिनरीतून आलेले. त्यांना पहिल्या पाच शतकांतले सगळे पाखंडी तोंडपाठ. मंडळीतल्या माणसांची ओळख अजून व्हायची होती. उरलेल्या दोन पंचांपैकी एक जागे होते.

प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची पाठ करायची कबुली, तिने न अडखळता म्हटला. पाळकांना ते फार सोपं वाटलं असावं. त्यांनी विचारलं, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघे असून देव एकच. हे कसं?"

सतराशे वर्षांपूर्वी निकेयाच्या परिषदेत शेकडो बिशप ज्यावर भांडले, ते तिने पदर सावरत उरकलं. "त्यात काय आवघड हाय सायेब? मुकादम आमाला मोजतो तवा म्हन्तो, दहा कोयते. मान्सं वीस आस्त्यात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधती. दोन जीव, पर कोयता एकच. मालक आजारी पडला तर मी एकली कोयता न्हाई, आन मी पडले तर त्यो बी न्हाई. माणसाला जमतंय, तर देवाला कावून जमंना?"

जागे असलेले पंच "वा!" म्हणाले आणि लगेच चष्मा पुसू लागले, कारण पाळकांचा चेहरा पडला होता.

"म्हणजे देवाचे तुकडे?" ते म्हणाले. "हे शुद्ध पाखंड आहे. पुढच्या वर्षी तयारी करून या."

तिने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षीही तिचा उसाचा फड असणार आणि यांचे वर्ग असणार.

मी पेन उघडलं. "इतिवृत्तात कारण लिहावं लागेल, साहेब. बरोबर उत्तर सांगता का?"

"सोपं आहे. एकच पाणी, पण कधी बर्फ, कधी वाफ."

मी कपाटातून माझा इंग्रजी चर्च-इतिहास काढला आणि सावकाश पान उलटून त्यांच्यापुढे धरलं. तिसऱ्या शतकात रोममध्ये एका गुरूने नेमकं हेच शिकवलं होतं: देव एकच, फक्त रूपं पालटतो. चर्चने त्याला हाकलून दिलं. त्याचं नाव इथे देत नाही. बिचाऱ्याची पुरेशी बदनामी झाली आहे.

"दोन्ही उत्तरं लिहू," मी विचारलं, "की एकच?"

पाळकांनी घड्याळ पाहिलं. "बाई, उमेदवार स्वीकारली असं लिहा."

"आन सायेबांचं?" तिने मला विचारलं. "ते पास झाले का?"

"त्यांची परीक्षा आधीच झाली आहे," मी म्हणाले. "आता पदवी काढून घेता येत नाही."

रविवारी ती नवऱ्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली. पाळक भाकर घेऊन आले. तिने दोन्ही तळहात पुढे केले. उसाच्या पात्यांनी कापलेल्या जुन्या रेघांवर त्यांनी तुकडा ठेवला. तिने तो चटकन खाल्ला नाही. आधी नीट पाहिला, आणि शेजारच्या नवऱ्याला हळूच म्हणाली, "एवढुसाच आस्तोय व्हय? मला वाटलं, दहा वरसं तुमी पोटभर जेवताय."