बांधाकडून चौथी ओळ

वालूरकर सरांच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी निम्मे तरी त्यांचे विद्यार्थी असतील, आणि ‘एक विद्वान होते’ ही हुरड्याची गोष्ट त्यांनी ऐकलेली असेल. ते विद्वान कोण, हे सरांनी कधीच सांगितलं नाही. आता सर नव्वद वर्षांचे झाले, मीही ऐंशीच्या घरात आलो. तेव्हा सांगून टाकतो. तो विद्वान मी! सरांची-माझी पहिली ओळख त्या हुरड्यातूनच झाली.

परभणीचं आमचं कृषी महाविद्यालय तेव्हा नवं होतं. वर्ग पत्र्याखाली भरत, प्राध्यापक सायकलवर येत. प्रा. दत्तात्रय वालूरकर त्यांतले सर्वांत तरुण. शाळा निजामी काळात उर्दूतून झालेली, म्हणून रागावले की विद्यार्थ्याला ‘जनाब’ म्हणत. मी बोरीचा. आमच्या घरात मॅट्रिक झालेला पहिलाच, त्यामुळे अंगात भलतीच मस्ती.

पहिल्याच हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, हुरड्याची फार आठवण आली. वसतिगृहातले आम्ही तिघं संशोधनाच्या शेतात शिरलो. ज्वारीच्या काही कणसांना कागदी पिशव्या बांधलेल्या होत्या. मी शेतकऱ्याचं शहाणपण पाजळलं, “पाखरांपासून राखलेली हायेत रे, हीच लय भरली असणार!” झालं! नेमकी पिशवीतलीच कणसं तोडली आणि बांधावर आगटी पेटवली.

निम्मा हुरडा संपला तोच शेतावर काम करणाऱ्या गयाबाई धावत आल्या. “आरं मुडद्यांनो, काय करायलेत? सरायची कणसं हायेत ती! तीन वर्सं झाली, लेकरावानी जपायलेत!”

दुसऱ्या कणसाचे परागकण येऊ नयेत म्हणून त्या पिशव्या होत्या, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत कळलं. तिघांची नावं कमी करायची, असं प्राचार्यांनी ठरवलंच होतं. नाव गेलं असतं तर बोरीत तोंड दाखवायची सोय उरली नसती.

सर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, “जनाब, कसा लागला हुरडा?”

माझ्या तोंडून खरंच निघालं, “गोड होता, सर. बांधाकडून चौथ्या ओळीतला तर लयच.”

सर प्राचार्यांकडे वळले. म्हणाले, “साहेब, तीन वर्षं मी दाणे मोजले, वजनं केली. खाऊन बघायचं मात्र राहूनच गेलं. यांना काढलंत तर मला चव कोण सांगणार?” प्राचार्यांनी कपाळाला हात लावला, पण हसले. आमची नावं राहिली.

त्या संध्याकाळी सर आमच्याबरोबर आगटीच्या राखेशेजारी बसले आणि न भाजलेली कणसं शोधू लागले. चौथ्या ओळीची दोन सापडली. दाणे कोवळे होते. उगवतील की नाही, सरांनाही खात्री नव्हती. पुढच्या हंगामात थोडे उगवले. पिशव्या आम्ही तिघांनी बांधल्या, तेही नाताळची सुट्टी सोडून.

बाकीच्या ओळी मात्र गेल्याच. त्याच कामावर सर डॉक्टरेटसाठी दिल्लीला जाणार होते, ते दोन वर्षं लांबलं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला गयाबाईंकडून कळलं. मी रडत सरांच्या घरी गेलो. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, आधी चहा दिला. सर म्हणाले, “अहो, दिल्ली कुठं पळून चालली होती? तुमचं नाव गेलं असतं, ते परत आलं नसतं.” विद्यार्थ्यालाही ‘अहो’ म्हणणारे प्राध्यापक मी तरी दुसरे पाहिले नाहीत.

पुढे मी त्यांच्याच विभागात नोकरीला लागलो. दर हिवाळ्यात सर नव्या वर्गाला शेतावर नेत, आधी पिशवी दाखवत, मग स्वतः हुरडा चोळून हातावर देत आणि गोष्ट सुरू करत, “एक विद्वान होते...” पोरं खो खो हसत. मी शेजारी उभा राहून आगटीत निखारे सारत असे. सर माझ्याकडे चुकूनही बघत नसत.

सर, चौथ्या ओळीचं बियाणं मी बोरीच्या शेतात अजून राखलं आहे. आपली तब्येत ठणठणीत राहो, दात शाबूत राहोत आणि शंभरीच्या हिवाळ्यात आपली बैठक आमच्या बांधावर असो. तेव्हा ती गोष्ट पुन्हा सांगा. या वेळी नाव घेऊन सांगा.