पारोळ्याच्या अलीकडे तापलेली गाडी

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. फोन धाकट्या भावाचा, धुळ्याहून, देवपूरच्या घरातून. मी "बरं" म्हणाले, उरलेली कणीक मळून झाकून ठेवली आणि मग फुईला सांगायला आत गेले. कणीक का मळून ठेवली ते मला आजही सांगता येणार नाही. घरात खाणाऱ्या आम्ही दोघीच होतो आणि दोघीही निघणार होतो.

फुई म्हणजे आत्या, माझ्या वडिलांची, आबांची पाठची बहीण. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती महिनाभर जळगावला माझ्याकडे राहत होती. मोतीबिंदूमुळे तिला माणसं धुरकट दिसायची. आता काळा गॉगल लावून ती घरभर हिंडायची आणि माझ्या छताची जळमटं मला दाखवायची. बातमी ऐकून ती जमिनीवर बसली, मोठ्याने रडली, मग तोंड धुऊन पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "माले त्यानं तोंड देखनं शे," म्हणाली. "एकडाव." भाऊ म्हणत होता, व्हिडिओवर दाखवतो. तिने हातानेच उडवून लावलं. "त्या काचमा नको. मी येस ना."

भावाने सांगितलं होतं, विजेवरची थंड पेटी आणली आहे, बर्फही आहे, ऊन उतरेपर्यंत थांबू. मे महिना होता. जळगावच्या मे महिन्याबद्दल जळगावकराला काही सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही.

मला रडू आलं नव्हतं. येईल म्हणून मी वाट बघत होते, म्हणजे शिंक येईल येईल म्हणून थांबतात तशी. गाडी काढून आम्ही धुळ्याच्या रस्त्याला लागलो; एरंडोल आलं, गेलं. फुई शेजारच्या सीटवर ओठ मिटून बसली होती. मी रस्ता बघत होते आणि डोक्यात काहीच नव्हतं. एसीचा वारा कोमट झाला तेव्हा मी खाली बघितलं. इंजिनाच्या उष्णतेचा काटा, जो वर्षानुवर्षं मधोमध झोपा काढत असतो, तो लाल रेघेला टेकायला आला होता.

खरं सांगते, मला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी करण्यासारखं समोर आलं होतं.

आबा आयुष्यभर बस चालवत होते आणि मला गाडी त्यांनीच शिकवली, देवपूरच्या एका मैदानात, शिव्या देत. त्यामुळे पुढचं सगळं हातांना पाठ होतं. एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनातली आग थोडी तरी आत ओढून घ्यायची, ही त्यांची युक्ती. तेवढ्या उन्हात अंगावर हीटर आला तशी फुई किंचाळली, "तुले याड लागनं का वं?" आबांनीच शिकवलंय म्हटल्यावर गप्प बसली. एक कडुलिंबाचं झाड बघून मी गाडी रस्त्यापासून चांगली आत घेतली, चारही दिवे लुकलुकते ठेवले, फुईला डावीकडच्या दाराने उतरवून झाडाखाली बसवलं. लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवला, त्याच्या जोडीला लिंबाची एक फांदी. त्रिकोण बघून ट्रकवाला सावध होईल न होईल, फांदी बघून होतोच.

बॉनेट उघडलं. वाफेचा लोट ओसरल्यावर दिसलं, इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी पाइप, तो आवळणाऱ्या लोखंडी पट्टीच्या कडेला उलला होता. कूलंटचा गोडसर वास सुटला होता. हा पाइप दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा येऊन दाबून बघायचे. उन्हाळा चढायच्या आत पाइप, पट्टा, पाणी, टायरची हवा, सगळं स्वतः बघायचे, आणि मी "आबा, गॅरेजवाला बघतो ना" म्हटलं की माझ्याकडे असं पाहायचे जसं मी मूल शेजाऱ्याकडे टाकून सिनेमाला चालले आहे. या आखाजीला ते अंथरुणावर होते. मला सुचलं नाही आणि पाइप कुणी दाबला नाही.

दुरुस्ती अवघड नव्हती. उललेला तुकडा कापायचा, पाइप पुढे ओढून पुन्हा बसवायचा, पट्टी आवळायची, पाणी भरायचं. पण त्यासाठी इंजिन थंड व्हायला हवं होतं आणि पाणी हवं होतं. आमच्याकडे प्यायच्या दोन बाटल्या. हात करून बघितला. त्या रस्त्यावर इतक्या वेगात कुणी थांबत नाही. समोर कपाशीच्या मोकळ्या रानापलीकडे एक घर दिसत होतं आणि घरापुढे मांडव.

"चाल," फुई म्हणाली. जवळ गेलो तसं कळलं, हळद आहे. बायका, पोरं, पिवळी झालेली पाटावरची चादर, चुलीवर मोठी पातेली. फुईने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "हयदनं घर शे. आठे मयतनी खबर सांगानी नही."

"आपण कुठे मानतो फुई?"

"आपण नही मानत. त्या मानतस ना."

यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. आम्ही बौद्ध, सुतक-विटाळाला आबांनी आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही. पण दुसऱ्याच्या मांडवात आपला शहाणपणा घेऊन शिरायचं नाही, हेही त्यांचंच. हळद लागत असताना दारात मयताचे पाहुणे आले हे त्या घराने जन्मभर उगाळलं असतं. मी मान डोलावली. तिथेच आम्ही फसलो, कारण मयताला निघालेल्या माणसाला लोक वाट करून देतात आणि नुसत्या पाहुण्याला बसवून घेतात.

"काय व्हयनं ताई? गाडी तपनी का?" घरधनी पुढे आले. पांढरा सदरा, खांद्यावर हळदीचे पंजे. "या, या. उन्हमा कसाले उभा शेतस? धुये जाई राह्यनात का? जाशात ना. हयद शे पोऱ्यानी, जेवण करीसन जा."

पाणी म्हटलं तर तांब्या आला, मग सरबत आलं, मग शेव-मुरमुऱ्याच्या बश्या आल्या. मी गाडीसाठी पाणी हवं म्हणाले तर दोघे जण कॅन घेऊन माझ्याबरोबर निघाले, वाटेत तिघे वाढले. गाडीपाशी पोचताच त्यातल्या एकाने खांद्यावरचं उपरणं काढून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी अशी ओरडले की तो चार पावलं मागे गेला. गरम झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. आबांच्या एका सोबत्याचा चेहरा मी लहानपणी पाहिला होता. "साहेब उना तरी झाकण उघाडानं नही," आबा म्हणायचे. इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, तेही सांगितलं. तडा जातो.

"ताई मास्तरीण दिसी राह्यनी," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी मास्तरीणच आहे. मीही हसले. ते हसू माझं नव्हतं, पण चेहऱ्यावर बसलं व्यवस्थित.

मग थांबणं. लोखंड आपल्या वेळेने थंड होतं, त्याला कुणाच्या मयताशी घेणंदेणं नसतं. बॉनेट उघडं टाकून मी मांडवात परत आले तर फुई बायकांच्या मधोमध बसलेली. पाटावर नवरदेव, अंग पिवळंजर्द. नवरदेवाची स्वतःची फुई अजून पोचली नव्हती आणि नव्या पोरींना जुनी गाणी येत नव्हती.

"आक्का, तुमले हयदना गाना येतस ना? म्हना ना एक!"

फुईने माझ्याकडे बघितलं. गॉगलमुळे तिचे डोळे मला दिसले नाहीत. नाही म्हणता आलं असतं; घसा बसलाय, काहीही सांगता आलं असतं. पण हळदीला नको म्हणायचं नसतं, आणि ती म्हातारी त्यातली. तिने पदर सारखा केला आणि गाणं धरलं. आवाज आधी फाटला, मग लागला. बायका मागून ओळी उचलू लागल्या. त्या गाण्यात एक बहीण भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली होती. हळदीच्या गाण्यात भाऊ येतोच, त्याला कोण काय करणार.

तेव्हा माझा फोन वाजला. मी मांडवाच्या कडेला गेले.

"ताई, लाइट गेलीये," धाकटा म्हणाला. "पेटी बंद पडली. बर्फ पुरत नाही. लोक म्हणताहेत, आता थांबण्यात अर्थ नाही. आबांना... तुम्ही कुठे आहात?"

"पारोळ्याच्या अलीकडे. गाडी तापलीये."

"मग नेऊ का? फुईला व्हिडिओवर तरी..."

मी मागे वळून बघितलं. फुई ताल धरून टाळ्या वाजवत होती, एका पोरीने तिच्या गालालाही हळद लावली होती.

"नको," मी म्हणाले. "न्या तुम्ही."

"ताई, नेऊ ना?"

"हो, हो. न्या." समोर उभी असलेली बाई माझ्याकडे बघून हसली, म्हणून मीही हसत बोलत होते.

फोन ठेवल्यावर मी विळा मागून घेतला आणि गाडीकडे गेले. पाइप कापला, बसवला, कुणाच्या तरी पेचकसाने पट्टी आवळली. झाकणाला आता नुसता हात लावता येत होता. फडक्याने हळूहळू उघडलं. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी ओतलं, बुडबुडे थांबेपर्यंत. गळत नव्हतं. काम चांगलं झालं होतं आणि मला त्याचं समाधान वाटलं, तेही सांगून टाकते.

जेवायला थांबत नाही म्हटल्यावर घरधनी रुसले. "घाई व्हती ते पहिले सांगानं ना ताई," ते म्हणाले. "जीप दारमाच उभी शे. तवयच धाडी दिधं व्हतं तुमले." जीप खरंच दारात उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. फुईने त्यांना हात जोडले, नवरदेवाच्या डोक्यावरून हात फिरवला. पाण्याचे दोन भरलेले कॅन आमच्या डिकीत ठेवून मगच त्यांनी आम्हाला सोडलं.

गाडीत बसताच फुई म्हणाली, "चाल, चाल." पारोळा गेलं. मी बेताने चालवत होते, डोळा काट्यावर. मुकटी गेलं. तिला काय आणि कसं सांगायचं, याचं वाक्य मी जुळवत होते आणि प्रत्येक गावाच्या पाटीवर पुढच्या गावापर्यंत ढकलत होते. मागचे ट्रक हॉर्न मारून पुढे जात होते. ट्रॅक्टरही एक गेला.

फागणं दिसू लागलं तेव्हा फुईने गॉगल काढला. वाकून, नव्या डोळ्याने तिने समोरच्या काचेखाली निरखून पाहिलं.

"काटा ते खाले शे," ती म्हणाली. "मंग तू अशी हयू हयू का चालाडी राह्यनी?"

मी उगाच गिअर बदलला.

"बठ्ठं व्हई गयं ना?"

सगळं झालं होतं; मी होकाराची मान हलवली. ती सीटला टेकली. गालावरची हळद घामाने मानेपर्यंत उतरली होती, तिने ती पदराने पुसली नाही.

"मी गानं म्हनत व्हतू, तवयच का?"

"नाही," मी म्हणाले. "नंतर. मी पाणी भरत होते तेव्हा."

फुई माझ्याकडे वळली. तिला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. तिने नुसता माझ्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला.

"मंग आते घाई नको करू," ती म्हणाली. "गाडीले जप."

तेव्हा मला रडू आलं. डोळ्यांपुढचा रस्ता दिसेनासा झाला, आणि अशा वेळी गाडी चालवायची नसते. मी चारही दिवे लुकलुकते केले, आरशात मागे पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली.