बाबांच्या बदलीसाठी मुकी

"बोल नहीं पाती, सर. बिल्कुल नहीं." बाबा डॉक्टरांना सांगत होते. मी शेजारच्या खुर्चीवर. आठ वर्षांची. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि तोंडात चांगली धडधाकट जीभ.

मी बोलायचे हो! गेंगाणं बोलायचे, एवढंच. जन्मतःच टाळूला भोक होतं. ऑपरेशननं ते बुजलं, पण शब्द नाकातून निसटायचे. शाळेत पोरं नाक दाबून माझी नक्कल करायची. त्यांचा मला एवढा राग नाही. ती परकी होती.

बाबा परके नव्हते. दर शनिवारी स्कूटरवरून मला स्पीच थेरपीला तेच न्यायचे. तिथल्या मॅडम माझ्या नाकाखाली छोटा आरसा धरायच्या. "प" म्हणताना आरसा धुरकटला, तर हवा नाकातून गेली. चलो, परत म्हण. घरी बाबा स्वतः आरसा धरून बसायचे, ऑफिसातून कितीही दमून आले तरी. एकदा मी "पोपट" म्हटलं आणि आरसा कोरडा राहिला. बाबांनी मला उचलून गोल फिरवलं. "अगं, ऐक, ऐक!" म्हणून आईला हाका मारल्या. माझं बोलणं ऐकायला जगात ह्या एका माणसाला आवडतं, असं मी धरून चालले होते. वेडीच होते.

मग बदलीची ऑर्डर आली. दिल्लीहून थेट गुवाहाटी. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि घरात अपंग मूल असलं तर बदली टळायची. पण माझी टाळू तेवढ्याला पुरेना. थोडंफार बोलणारी मुलगी काय कामाची? पूर्ण मुकी हवी होती.

सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डाबाहेर, बाकावर, बाबांनी माझी रिबीन नीट केली.

"आत एक शब्द बोलायचा नाही. काहीही विचारलं तरी. अच्छा?"

"का?"

"दिल्ली सोडायचीय का तुला?"

आत डॉक्टर वाकून म्हणाले, "बेटा, नाम बताओ." नाव अगदी ओठांवर होतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली. नाही. डॉक्टर शेजारच्या क्लार्कला म्हणाले, "गूंगी है, लिख दो."

"थँक यू, सर," बाबा म्हणाले. थँक यू! संध्याकाळी घरी रसगुल्ले आले. मी खाल्ले. त्याची अजून लाज वाटते.

पुढच्या शनिवारपासून थेरपी बंद. मुक्या मुलीला बोलायला शिकवताना ऑफिसातल्या कुणी पाहिलं तर? पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. घरातही बोलणं कमी कमी होत गेलं. कमावलेला "प" परत नाकात गेला.

बारा वर्षांची झाले आणि सर्टिफिकेट रिन्यू करायची वेळ आली. बाबांनी तेच बजावलं, ह्या वेळी माझ्याकडे न बघता. आत एक डॉक्टरीणबाई होत्या. बाबांनी तोंड उघडायच्या आत मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट. फाटकं, नाकातून, पण सगळं. क्लार्क फिसकन हसला. हसू दे.

"मैं बोलती हूँ," मी म्हटलं. "ये झूठ बोलते हैं."

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "बापाची इज्जत घालवलीस."

"माझी घालवलीत तेव्हा तुम्ही रसगुल्ले आणले होते."

सर्टिफिकेट रद्द झालं, टळलेली बदली परत आली, आणि बाबा एकटेच गुवाहाटीला गेले. "गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" आई म्हणाली. चार वर्षं बिघडली होती, आई! मी पुन्हा थेरपीला गेले तेव्हा मॅडम स्पष्ट म्हणाल्या, आता सुधारेल, पण तेव्हा सुधारलं असतं तेवढं नाही.

बाबांचा दर रविवारी फोन येतो. मी उचलला की म्हणतात, "आईला दे." देत नाही. आधी माझ्याशी बोलायचं. समजलं नाही म्हणाले, तर परत सांगते. पुन्हा नाही समजलं, तर पुन्हा. त्यांनी फोन ठेवला, तर मी लावते. त्यांची माफी मला नको. त्यांनी ऐकायचं. मी बोलणार.