पंचमीची चुकलेली गाडी आणि सरासरी वेग

नात नववीत आहे. परवा दारातल्या चटईवर बसून ती मोठ्यानं गणित वाचत होती. एक मोटार ताशी चाळीसच्या वेगानं गावाला गेली, त्याच रस्त्यानं साठच्या वेगानं परत आली, तर सरासरी वेग किती? मी मेथी निवडत होते. जुनी दहावी पास बाई, गप्प कशी बसेन? म्हणाले, "पन्नास."

"अठ्ठेचाळीस," नात म्हणाली. मानसुद्धा वर केली नाही.

"चाळीस आणि साठ शंभर, त्याचे निम्मे पन्नास. आमच्या वेळी तरी असंच होतं."

"आजी, हळू जाताना वेळ जास्त लागतो ना? म्हणजे मोटार जास्त वेळ चाळीसनंच चालली. मग सरळ निम्मं कसं करायलीस?"

माझा हात देठावरच थांबला. मला मोटार दिसेना. माझ्या सासरची, झरीची सडक दिसायला लागली, आणि तिच्यावरून डोक्यावर दुरडी घेऊन निघालेली एक अतिशहाणी नवी नवरी.

म्हणजे मीच. लग्नानंतरची पहिली पंचमी. उद्या सण, आज भाऊ मुराळी म्हणून न्यायला आलेला. माहेर पूर्णेकडं. झोका, मैत्रिणी, सगळं तिकडं. सोयीची गाडी एकच, साडेअकराची, घरासमोरच्या पारापासून सुटणारी. सासूबाईंची अट एवढीच, शेतातल्या माणसांची भाकरी पोचवून मग जा. "आताच निघ बाई, डोक्यावर वझं हाय," त्या म्हणाल्या. मी मनात हसले. त्यांना कुठं गणित येत होतं?

माझ्याकडं लग्नातलं मनगटी घड्याळ होतं, आणि शेत घरापासून बरोबर दोन किलोमीटरवर, सडकेच्या दगडापाशी. ओझं घेऊन एक किलोमीटर चालायला पंधरा मिनिटं, रिकाम्या हातानं दहा, हे आदल्या दिवशी मोजून ठेवलं होतं. कुणीही साधी बाई म्हणाली असती, जायला तीस, यायला वीस, झाली पन्नास मिनिटं. पण इतकं सोपं करायचं तर मग शिकले कशाला? मी त्याचे वेग काढले. जाताना ताशी चार, येताना सहा, सरासरी पाच. जाऊन-येऊन चार किलोमीटर, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. दहा बेचाळीसला निघायचं ठरलं. तोवर आरशासमोर बसून दोनदा वेणी घातली.

बांधावर दुरडी ठेवली आणि उभ्या उभ्या वळले. हिशेब पक्का होता, मग पुन्हा घड्याळ कशाला बघू? गावात शिरले तर भाऊ पारावर माझ्या ट्रंकेवर बसलेला, आणि गाडीची पाठ पुढच्या वळणावर.

"ड्रायव्हर लबाड निघाला. दोन मिनिटं आधीच गाडी काढली," भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माहेरी पोचले तेव्हा दिवस मावळला होता. बायका वारुळाला जाऊन आल्या होत्या, झोक्याचा दोर गुंडाळून ठेवला होता. तेव्हापासून दर पंचमीला मी त्या ड्रायव्हरचा उद्धार करत आले. लेकी-सुनांना तो तोंडपाठ आहे.

नातीनं सगळं ऐकून वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. "चार किलोमीटर, पन्नास मिनिटं. ताशी चार पूर्णांक आठ. आजी, ड्रायव्हर वेळेवर होता."

मी लगेच भावाला फोन लावला.

"मला ठाऊक हाय की," तो म्हणाला. "माझ्याबी हातात घड्याळ होतं."

"मग तवाच का बोलला न्हाईस?"

"तू रडायली होतीस. त्यात आणि हिशेब सांगू का?"

नात तोंडावर वही धरून हसत होती. तिला विचारलं, "मग येताना किती वेगानं यायला पाहिजे होतं?"

"अठरा मिनिटांत दोन किलोमीटर. ताशी साडेसहाच्या वर."

मी जरा विचार केला. "जमलं असतं," म्हणाले.

"वेणी एकदाच घातली असतीस," फोनमधून भाऊ म्हणाला, "तर पळायचंबी काम नव्हतं."